गोष्टीतली बकरी

नाव घ्यायचं नाही, हे मी आधीच पक्कं ठरवलं होतं. नक्कल करायची नाही, हे ठरवायचं राहून गेलं.

शहापुरातल्या आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कोणीतरी एखाद्या पुस्तकावर बोलतं. कोणीतरी म्हणजे जो हाताला लागेल तो. दसरा झाला आणि हाताला मी लागलो. मी शाळेतला कारकून. भाषणाची सवय नाही, पण गप्पांची आहे. नात्यात कुठेही हळद असो, बारसं असो, पंगत उठली की पोरं आणि बाया मला घेरून बसतात आणि "ती गोष्ट सांगा ना" म्हणतात. ग्रंथपालबाईंनी हे कुठल्या तरी मांडवात पाहिलं असावं. त्यांनी माझ्या हातात एक जाडजूड जुनी कादंबरी ठेवली. आजोबांच्या पिढीत लोक ज्या वाचून रडत असत, त्यांतली. एका गावातला सरळमार्गी तरुण शेजारच्या मुलीला जीव लावतो, ती नको म्हणते, दुसऱ्याशी लग्न करून निघून जाते, आणि मग उरलेलं अर्धं पुस्तक हा माणूस एकटा एकटा होत जातो. शेवटी तर तो गावातला रस्ता सोडून शेताच्या बांधावरून ये-जा करायला लागतो.

मी विषय दिला: न मिळालेलं प्रेम माणसाला एकटं कसं पाडतं. फळ्यावर लिहिला तेव्हा फार भारदस्त दिसला. बोलायला लागलो तेव्हा पेन्शनर मंडळी पेंगायला लागली आणि बचतगटाच्या बाया चहाची किटली कुठवर आली ते बघायला लागल्या. सभा हातातून चालली, हे मला कळतं. हळदीत शिकलोय ते. मग मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "हे फक्त पुस्तकात असतं असं नका समजू. आमच्याच नात्यात एक गृहस्थ आहेत. नाव सांगत नाही."

नाव खरंच सांगितलं नाही. फक्त ते गृहस्थ कोणाच्या दारात गेले की काय करतात ते दाखवलं. आधी दोनदा बारीक खाकरायचं. मग गुडघ्यावरची पँट चिमटीत धरून वर ओढायची. मग ओट्याच्या अगदी कडेला, आत्ताच उठायचंय अशा बेताने टेकायचं. हशा उसळला. आणि तो जरा ओसरला तेव्हा शेवटच्या बाकावरून दोन बारीक खाकरे आले.

सगळ्यांनी माना वळवल्या. काका बसले होते. माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, सत्तरीला टेकलेले, आयुष्यात कधी वाचनालयाची पायरी न चढलेले. त्यांनी पिशवी उचलली आणि ते बाहेर गेले. दोन बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

इथवर चूक म्हणता येईल. खरी लाज पुढे आहे. मी थांबलो नाही. हशा चालू होता, आणि चालू हशा सोडून देणं मला आजवर जमलेलं नाही. गोष्ट मी पार बकरीपर्यंत नेली.

ही बकरी काय ते सांगायला हवं.

सासरी गेलेल्या लेकीला सणाला माहेरी आणायला जो माणूस जातो त्याला आमच्याकडे मुऱ्हाळी म्हणतात. लेक एकटी येत नाही. कोणीतरी न्यायला यावं लागतं, भाऊ असला तर उत्तम. मुऱ्हाळ्याने लाडवाची पिशवी न्यायची, एक रात्र राहायचं, पाहुणचार घ्यायचा आणि सकाळी बहिणीला घेऊन निघायचं. माझी आत्या मुरबाडच्या पुढच्या एका गावात दिलेली. काका तेव्हा विशीतले, आणि तिला आणायला तेच जायचे. तिथे आत्याची नणंद होती, लग्नाची. काकांना ती आवडली. मग मुऱ्हाळ्याची एक रात्र वाढत गेली. काका त्या घरचं पाणी भरू लागले, लाकडं फोडू लागले. शेवटी त्यांनी आत्याकरवी विचारलं. नणंदेने नाही म्हणून सांगितलं. पुढे तिचं लग्न दुसरीकडे झालं. काकांचं झालंच नाही.

घडलं ते एवढंच. बाकीचं माझं. नणंद दाराआड उभी राहून तोंडाला पदर लावून हसते, ते माझं. काका तिच्याकडे बघत ओट्यावर बसलेत आणि मागे बकरी पिशवीत तोंड घालून बहिणीच्या सासरी आणलेले सगळे लाडू खातेय, आणि काकांना वाटतंय की नणंद आपल्याला बघून हसतेय, पण ती हसतेय बकरीला, हेही माझं. लाडू खाताना बकरी कशी मान हलवते तेसुद्धा मी करून दाखवतो. तीस-पस्तीस वर्षं दाखवतोय. पोरांना बकरीशिवाय ती गोष्ट चालत नाही.

घरी गेलो तर बायको दारातच. "काका भेटले का? मीच पाठवलं त्यांना तुमच्याकडे. म्हटलं, भाषण चाललंय, जा ऐका."

"भेटले," मी म्हटलं.

"मग काय ठरलं? कधी जायचं?"

"कुठे?"

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने सांगितलं. आत्याचा काकांना फोन आला होता. ह्या दिवाळीला मला न्यायला ये, पुढल्या वर्षाचं कोणी बघितलंय, म्हणाली होती. आत्या आता पंचाहत्तरीची, गुडघे गेलेले. काकांनी तिकडे जायचं केव्हाच सोडलं होतं. मग वडील जायचे. वडील गेले आणि आत्याचं माहेर थांबलं. मी एकदा फोनवर म्हटलं होतं, "गाडी पाठवतो, ये." तेव्हा ती म्हणाली होती, "गाडी काय मुऱ्हाळी असते का रे?" मी हसलो होतो आणि विषय संपला होता. आता काका निघायला तयार झाले होते, पण एकटे नाही. आत्याची ती नणंद नवरा गेल्यावर परत भावाकडेच राहायला आलेली. त्या घरात एकट्याने जायचा त्यांना संकोच. म्हणून पुतण्याला बरोबर घ्यावं, असं त्यांच्या मनात होतं. ते विचारायला ते सापगावहून, आमच्या मूळ घरून आले होते.

"म्हणजे त्यांनी विचारलंच नाही?" बायको म्हणाली.

मी वाचनालयात काय केलं ते तिला सांगितलं. ती आत गेली आणि कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी काकांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग मिठाईचा पुडा घेतला आणि सापगावच्या ओळखीच्या रिक्षावाल्याच्या हाती पाठवला. संध्याकाळी तोच पुडा त्याच रिक्षाने परत आला, सुतळीसुद्धा न सुटलेला. बायको म्हणाली, "तुम्हाला पाय आहेत ना?"

सुट्टी टाकून मी सापगावला गेलो. काका खळ्यावर एकटेच भात झोडत होते. मी चपला काढल्या आणि कडेला उभा राहिलो.

"काय रे, शाळा बंद?"

"सुट्टी घेतली."

"कशाला?"

"तुमची माफी मागायला."

त्यांनी पेंढी फळीवर आपटली. दाणे उडाले. "माफी मागायला सुट्टी देतात का तुमच्या शाळेत?"

मला कागदाशिवाय बोलण्यात पटाईत म्हणतात. तिथे माझ्या तोंडून निघालं काय, तर, "काका, तुम्ही आलाय हे मला माहीतच नव्हतं."

"म्हणजे मी नसतो तर ठीक होतं."

"तसं नाही हो."

"तसंच हाय. इतकी वर्षं मी नव्हतोच ना तिथं." दुसरी पेंढी घेतली. "ती धर नीट. अशी नाय. वरून."

मी धरली. ती माझ्या हातात सुटली आणि अर्धं भात पायावर आलं. काकांनी ते झाडूने पुढे ओढलं. काही वेळ आम्ही नुसतेच झोडत राहिलो. म्हणजे ते झोडत होते, मी पेंढ्या पुढे करत होतो. मग ते आपणहून बोलायला लागले. माझ्याकडे बघून नव्हे, भाताकडे बघून.

"ती नाय म्हणाली त्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. जेवण जायना. पण ते माझं मला होतं. लोकांना दिसत नव्हतं. भात लावलं, कापलं, झोडलं, परत लावलं. हळूहळू कमी झालं. आणि मग तुमचं सुरू झालं."

"आमचं?"

"आधी तुझा बाप सांगायचा. पण त्याला सांगता येत नव्हतं. सांगायचा तोच आणि हसायचाही तोच. तू चांगलं सांगतोस."

काकांनी माझं केलेलं हे एवढंच कौतुक. ते त्यांनी अगदी मनापासून केलं. टोमणा असता तर मला झेपला असता.

"मी हळदीला आलो का मांडवात कोणीतरी बें करतं," काका म्हणाले. "कोणाच्या ओट्यावर बसलो का आतून पोरी बकरीचा आवाज काढतात. लहान पोरी. त्यांना मी कोण ते ठाव नाय, बकरी ठाव हाय. मग मी यायचं सोडलं. लोक म्हणतात, बाईपायी एकटा राहिला. बाई कधीच गेली रे. मी बकरीपायी राहिलो."

मी विचारलं, "आत्याला आणायचं?"

"फोन करून सांग, काकाला बरं नाय."

"मग मी जातो आणायला."

"जा. तुझ्याबरोबर येते का बघ," म्हणाले आणि पाण्याचा तांब्या घ्यायला घरात गेले. परत आले तेव्हा तो तांब्या त्यांनी माझ्यापुढे केला. पाणी पिऊन मी निघालो.

दोन दिवसांनी मी बायकोने केलेल्या लाडवांची पिशवी घेऊन मुरबाडच्या एसटीत बसलो. पिशवीत वाचनालयाची ती कादंबरीही होती. परत द्यायची मुदत टळत आली होती, आणि वाटेत वाचनालय उघडं दिसलं तर देऊन टाकू असा विचार होता. उघडं दिसलं होतं. आत जायचं धाडस झालं नाही. मुरबाडच्या स्टँडवर उतरलो, जीप धरली, दुपारी आत्याच्या दारात पोचलो.

आत्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. वर बघितलं, माझ्या मागे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "काका कुठाय?"

"त्यांना जरा ताप आहे."

आतून पाण्याचा तांब्या घेऊन एक बाई आली. पांढरे केस, सडपातळ, ताठ. तिने तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि आत्याला म्हणाली, "ताप कसला गो? सकाळी तर तू बोललीस ना त्याच्याशी? बैल विकायचं बोलत होता."

मी पाणी प्यायलो. फार सावकाश प्यायलो.

"तूच ना तो?" ती बाई म्हणाली. "बकरीवाला?"

ही आत्याची नणंद. इतकी वर्षं ती माझ्या गोष्टीत होती आणि मी तिला कधी नीट पाहिलंही नव्हतं. माझं वाचनालयातलं भाषण कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं, ते फिरत फिरत मुरबाडला आणि तिथून ह्या घरात आत्याच्या एका नातसुनेच्या फोनवर आलेलं. सगळ्यांनी बघितलेलं. ती माझ्यासमोर खांबाला टेकून बसली. "मला सांग, तुझ्या गोष्टीत मी काय करते?"

"तुम्ही... दाराआड उभ्या राहता."

"मग?"

"हसता."

"मग?"

"नाही म्हणता."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

"बघ," ती आत्याला म्हणाली, "एवढी वर्षं मी दाराआडच उभी हाय." मग माझ्याकडे वळली. "मी हसले नव्हते रे. मला तर भीती वाटलेली. ही माझी भावजय, तिच्या भावाला नाय म्हणायचं. ही माझ्याशी बोलायची थांबली तर? रडत सांगितलं हिला, का तुझा भाऊ चांगला हाय, पण मला तसं नाय वाटत. हिने काय केलं? मला जवळ घेतलं. यात तुला हसाय काय सापडलं? आणि बकरी कुठली? ह्या घरात कधी बकरी नव्हती. आमच्याकडे म्हशी."

"बकरी माझी आहे," मी म्हटलं.

"तुझी बकरी माझ्या सासरी आलेली. कोणी आणली देव जाणे. सासू म्हणायची, माहेरी कोणाला भेटाय जातेस ते कळलं आम्हाला. मग मी माहेरी यायचंच कमी केलं. कोण रोज ऐकून घेणार?"

आत्या तांदळातले खडे काढत होती. ती वर न बघता म्हणाली, "मी माहेरी येईन ती भावाबरोबर. तुझ्याबरोबर नाय यायची, पोरा. राग नको मानू. तू जेव, राहा, सकाळी जा."

"जेवायचं मागून," नणंद म्हणाली. "आधी फोन लाव त्याला."

"काकांना? ते उचलणार नाहीत."

"तुझा नाय उचलायचा. हिचा उचलेल." तिने आत्याचा फोन माझ्या हातात दिला. "मोठ्याने ठेव. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

काकांनी पहिल्याच घंटेला उचलला. "हा बोल गो."

"मी बोलते," नणंद म्हणाली.

पलीकडून मग दोन खाकरे.

"मुऱ्हाळी, तुमची बहीण पिशवी भरून बसलीय. तुमी येणार का नाय?"

"मला बरं नाय."

"ते ऐकलं. तुमच्या पुतण्याने तुमाला ताप आणला, आणि सकाळी तर तुमी बैल विकायचं बोलत होता. या तुमी. इथं कोणी हसत नाय. हसणारा एकच हाय, त्याला ओट्यावर बसवून ठेवलाय, अजून भाकरीपण दिली नाय."

आतून नातसुना खुसखुसल्या. ह्या वेळी माझ्यावर. मग काका म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीने येतो," आणि लगेच, "त्याला जेवायला द्या," म्हणून फोन ठेवला.

मला भाकरी मिळाली, मासळीचं कालवण मिळालं, आणि मुऱ्हाळ्याला मिळते ती चेष्टाही मिळाली. नातसुनांनी माझ्याकडून विहिरीवरून पाणी आणवलं, कारण माझ्या गोष्टीतला मुऱ्हाळी पाणी भरतो. कळशी खांद्यावर घेताना निम्मं पाणी माझ्या शर्टात गेलं. "काका कसे भरायचे, तसं दाखवा ना," एक म्हणाली. मी दाखवलं नाही. जमण्यासारखं नव्हतंच ते.

ऊन कलल्यावर माझ्याशी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून ओट्यावर बसून मी ती कादंबरी उघडली. तो माणूस गावातला रस्ता सोडतो, ते प्रकरण. त्यावर मी वाचनालयात बोललो होतो. मुलीच्या आठवणी त्या रस्त्यावर आहेत म्हणून तो बांधावरून जातो, असं मी ठासून सांगितलं होतं. वाचलं तर तसं कुठेच नव्हतं. त्या पानावर एक पार होता. पारावर गावातली चार माणसं बसलेली. हा आला की त्यातला एक जण घसा साफ करून त्या मुलीच्या नावाचं गाणं म्हणायचा आणि बाकीचे माना खाली घालून हसायचे. तो बांधावरून जायला लागला तो त्या पारामुळे. लेखकाने ते सरळ लिहिलं होतं. पारावरच्या माणसांना नावंही नव्हती. वाचताना त्यांच्याकडे माझं लक्ष कसं जाईल? मी त्यांच्याच बाजूला बसलेलो.

सकाळी काका आले. धुतलेला शर्ट, दाढी केलेली, हातात दुधीभोपळा आणि पापडांची पिशवी. ते पाहुणे नसून शेजारून आल्यासारखे फाटकापाशी उभे राहिले आणि दोनदा खाकरले. आत नातसुना पदर सारखा करत उठल्या, कोणीतरी खाटेवरचं अंथरूण गोळा केलं. तेव्हा मला कळलं की तो खाकरा कशाचा आहे. बाईमाणसांच्या घरात पुरुष येतोय, तुम्ही सावरून घ्या, म्हणून दिलेला तो आवाज. एवढी अदब मी इतकी वर्षं मांडवामांडवातून विकली होती.

"वाट सापडली का मुऱ्हाळी?" नणंद म्हणाली.

"सापडली," काका म्हणाले. ओट्याच्या कडेला टेकले. मग नणंदेने चहाचा कप जरा आत, भिंतीजवळ ठेवला. तो घ्यायला त्यांना आत सरकून बसावं लागलं.

त्यांचं बोलणं झालं ते असं: यंदा भात कसं झालं, बैल कितीला मागतात, तुमचा गुडघा कसा, माझा नाय हिचा दुखतो. मी कान देऊन ऐकत होतो, कारण सवय. त्यात काहीच नव्हतं. दोन म्हातारी माणसं शेताबद्दल बोलत होती. निघताना ती म्हणाली, "गौरीला पण या. भावजय तुमची बहीण हाय, मी नाय कोणी, पण पावणा आला म्हणजे घराला बरं वाटतं. पूर्वी पण मला बरं वाटायचं. तेवढंच वाटायचं."

"ठाव हाय," काका म्हणाले. "मला ते तेव्हाच कळलं होतं."

आणि आत्याचं बोचकं उचलून ते पुढे निघाले. जीपमध्ये आत्या मध्ये बसली, काका खिडकीशी. मला मागे, टायरच्या वरच्या जागेत बसवलं. वाटेत काका माझ्याशी एकदाच बोलले. म्हणाले, "तुझी पिशवी पायात घे. लोक चढतात." ते अजूनही माझ्याशी मोजकंच बोलतात. माफ केलं का, असं मी विचारलेलं नाही. विचारलं तर हो म्हणतील, कारण ते कोणाला दुखवत नाहीत. तो हो ऐकायला मी अजून तयार नाही.

सापगावला माझी बायको स्कूटरने आधीच येऊन थांबली होती. तिने आत्याच्या पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि आत्या काठी टेकत उंबऱ्याच्या आत गेली. चुलीपाशी जाऊन तिने हात लावून बघितला, पूर्वी माहेरी आली की बघायची तसा. काका दारात उभे होते. त्या घरात बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या कोणाचा आवाज होत होता, आणि तो "मीठ कुठे ठेवलंस रे?" असा होता.

घरी परत जाताना स्कूटरवर मी बायकोला सगळं सांगितलं. नणंदेचं, फोनचं, कळशीचं, पुस्तकातल्या पाराचं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी आवाज बदलून सांगतोय आणि नणंद खांबाला टेकून कशी बसली ते दाखवायला एक हात हँडलवरून काढलाय. मी हात परत ठेवला. ग्रंथपालबाईंचा फोन आला होता, पुढच्या महिन्यातही तुम्हीच बोला, मागचं लोकांना फार आवडलं, म्हणत होत्या. तेही तिला सांगितलं, आणि विचारलं की काय करू.

ती म्हणाली, "आधी काकांना विचारा. ते हो म्हणाले तरच जा, आणि झालं तसं सांगा. लोकांना हसायचं असेल तर त्यांना तुम्ही एकटे पुरता."